ढोल आणि भाजलेले हात

आत्या : हे पान फाड.

पुतणी : आत्या, आधी बस तरी. तीन जिने चढून आलीस, धाप बघ किती लागलीय.

आत्या : लागेल आणि जाईल. चाळीस वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांच्या धापा मोजल्यात मी. तू पान फाड.

पुतणी : कुठलं पान?

आत्या : वेड पांघरू नकोस, ठिपके. तूच पाकिटात घालून पाठवलंस ना? 'आत्या, माझं पुस्तक छापायला चाललंय, एकदा बघून घे.' बघितलं. चष्मा पुसून पुसून बघितलं. एकेचाळिसावं पान. पाद्रीबाबा आपल्या आबांचा ढोल आगीत टाकतायत. दात विचकून.

पुतणी : दात कुठे विचकलेत? ओठ घट्ट मिटलेले आहेत.

आत्या : मग ते आणखीच वाईट.

पुतणी : हे बघ, तू मिशनच्या शाळेत शिकलीस, मिशनच्याच दवाखान्यात नर्स झालीस, पाद्रीबाबा तुला बापाच्या जागी. हे पान तुला बोचणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर छापायच्या आधी पाठवलं. पण बदलणार नाही मी ते. आजोबा डोंगराचे पुजारी. सगळी वस्ती त्या ढोलाला देव मानायची. एक परका माणूस समुद्र ओलांडून आला, त्यानं देव आगीत टाकला आणि वर्ष सरायच्या आत सगळी वस्ती त्याच्या प्रार्थनेला बसली. हे झालंय, आत्या. झालेलं मी काढणार.

आत्या : काढ की! झालेलं काढू नको असं कोण म्हणतंय? पण हे झालेलंच नाही.

पुतणी : बाबांनी शंभरदा सांगितलंय.

आत्या : तुझा बाप तेव्हा सहा महिन्यांचा होता. माझ्याच पाठीवर बांधलेला. आगीकडे पाठ करून गाढ झोपला होता. मी सात वर्षांची होते आणि माझे दोन्ही डोळे उघडे होते.

पुतणी : म्हणजे बाबा खोटं बोलत होते?

आत्या : खोटं नाही गं. राग होता त्याच्या पोटात. शाळेत डोंगरातली भाषा तोंडून निघाली की छडी बसायची. रागाला टेकायला काहीतरी लागतं. त्यानं ही गोष्ट घेतली. तू ती जेवताना ऐकलीस आणि आता शाईनं काढून बसलीस.

पुतणी : छडी तरी खरी होती ना?

आत्या : खरी होती. मीही खाल्लीय. साठाव्या पानावर ती छडी तू काढलीस, तेव्हा मी अवाक्षर काढलं का?

पुतणी : नाही.

आत्या : मग?

पुतणी : मग ढोल आगीत टाकला कोणी?

आत्या : पाणी दे आधी. आणि ते खिडकीतले कागद उचल, मला बसू दे.

पुतणी : घे. सावकाश पी. …आता सांग.

आत्या : आबांनी.

पुतणी : आजोबांनी? स्वतः?

आत्या : स्वतः. त्या वर्षी तापाची साथ आली. आम्ही चार भावंडं. मी मोठी, तुझा बाप सगळ्यांत धाकटा, मधली दोघं तापानं फणफणलेली. आबा ढोल वाजवत होते. थांबायचेच नाहीत. बोटं फुटली, चामड्यावर रक्ताचे ठसे उमटले, तरी वाजवत होते. पहिला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरी गेली. तेव्हा थांबले. मी पण तापात होते, पण पाद्रीबाबांच्या औषधानं तोवर उठून हिंडत होते. पाद्रीबाबांची बायको बाहेर जाळावर रोग्यांच्या चादरी उकळत होती. आबांनी ढोल उचलला, चालत गेले आणि त्या जाळात टाकला. शिवी नाही, रडणं नाही. कचरा टाकावा तसा टाकला.

पुतणी : आणि पाद्री काय करत होता?

आत्या : दारात होते, औषधाची बाटली घेऊन. बाटली तिथंच टाकली आणि धावले. उघड्या हातांनी ढोल बाहेर ओढला. चामडं पेटलेलं होतं, तरी सोडला नाही. मातीत लोळवून विझवला. मग दोन्ही हात बाजूला धरून नुसते उभे राहिले. तळव्यांची सालं लोंबत होती.

पुतणी : म्हणजे मी ज्याला ढोल जाळताना काढलंय, त्यानंच तो वाचवला?

आत्या : वाचवला. आता त्या दोघांची गंमत बघ. आबांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आबांची. येऊन चारच महिने झालेले. विचारणार कसं? सांगणार कसं? आबांनी आपल्या मनाशी अर्थ लावला. मी माझा देव टाकून दिला आणि या परक्या माणसानं माझ्या देवासाठी हात जाळून घेतले. मग याचा देव केवढा असेल! जवळ गेले, ते भाजलेले हात अलगद उचलले आणि आपल्या कपाळाला लावले. पुढच्या पिकाच्या वेळेला आबा नदीत उतरून ख्रिस्ती झाले. आबा त्या वाटेनं गेले म्हणून वस्तीही गेली.

पुतणी : थांब, थांब. मग हा फोटो कसा? तिकडे बघ, दिव्याच्या मागच्या भिंतीवर.

आत्या : कसला फोटो?

पुतणी : मागच्या वर्षी मी पाद्रीच्या देशात गेले होते ना, तिथल्या संग्रहालयात काढलेला. ढोल काचेच्या कपाटात ठेवलाय. एका बाजूनं जळका.

आत्या : हा पेला धर. जवळून बघू दे.

पुतणी : सावकाश ऊठ.

आत्या : काठाची ही तीन भोकं बघ. मधलं वाकडं आहे. पाडताना आबांचा हात घसरला होता. त्यावरून आई त्यांना चिडवायची. इतका लहान होता होय हा? मला आपला घराएवढा आठवतो.

पुतणी : तूच सांग, देव म्हणून वाचवला तर तो तिथं कपाटात कसा पोचला? हा फोटो काढला तेव्हाच मी धरून चालले की यानं आधी जाळायला घातला आणि मग अर्धा जळका ढोल जिंकल्याची खूण म्हणून घरी धाडला.

आत्या : ते इतकं सोपं नाही.

संपादक : दार उघडंच होतं म्हणून आत आलो. मी म्हटलं, निरोप्या पाठवण्यापेक्षा स्वतःच पानं घेऊन जावीत. छपाई सोमवारी सुरू होतेय. या कोण, तुमच्या आई?

पुतणी : आत्या. आत्या, हे माझ्या पुस्तकाचे संपादक.

आत्या : बसा. तिथे नको, तिथे शाई सांडलीय.

संपादक : अरे बापरे. बरं झालं सांगितलंत. तर, पानं?

पुतणी : आठ पानं पुन्हा काढायची आहेत. एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस.

संपादक : थट्टा करताय.

पुतणी : नाही.

संपादक : अहो, एकेचाळीस म्हणजे मुखपृष्ठाचं चित्र! परवाच सगळ्यांना पसंत पडलं. काळा झगा, लाल जाळ, हवेत ढोल. रस्त्याच्या पलीकडून दिसेल असं चित्र आहे ते.

पुतणी : चित्र चांगलं आहे. पण तसं घडलेलं नाही.

संपादक : हे बघा, दोन वर्षं मी तुमच्यासाठी काय काय झेललंय! एकशे बारा पानांची चित्रकथा आणि त्यात एक शब्द नाही. आमचे विक्रीवाले विचारतात, अक्षरं छापायची राहिलीत का? मी म्हटलं, निदान खाली एकेक ओळ तरी द्या. 'पाद्री येतो.' 'पुजारी रागावतो.' तेही तुम्ही दिलं नाहीत.

पुतणी : कुठल्या भाषेत देऊ सांगा ना! पाद्रीच्या भाषेत लिहिलं तर आजोबा मुके होतात. आजोबांच्या भाषेत लिहिलं तर ती समजणारी मूठभर म्हातारी माणसं उरलीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना लिहितावाचता येत नाही. आपल्या भाषेत लिहिलं तर दोघांच्या तोंडी आपलंच बोलणं. ज्या भाषेत लिहीन तिची बाजू घेतल्यासारखं होतं.

संपादक : ते मान्य केलं ना मी! मान्य केलं. पण आता ऐन वेळी आठ पानं? आणि कशासाठी, तर पाद्रीला चांगला दाखवायला? लोक म्हणतील, चर्चनं दम दिला आणि बाई घाबरल्या.

आत्या : चर्चनं मला पाठवलेलं नाही. बसनं आलेय, स्वतःच्या पायांनी जिने चढलेय. आणि पाद्रीबाबांना चांगलं दाखवा असं मी अजून म्हटलेलं नाही.

संपादक : मग काय म्हणताय तुम्ही, आत्याबाई?

आत्या : ठिपकी आत्ता मला विचारत होती, ढोल संग्रहालयात कसा गेला. ते सांगते. आजवर हे मी कोणापाशी बोलले नाही, तेव्हा मधे बोलू नका.

संपादक : नाही बोलत.

आत्या : पाद्रीबाबा आमच्याच दवाखान्यात गेले. चौतीस वर्षं झाली त्याला. शेवटचे आठ दिवस मीच त्यांच्या खाटेशी होते. तोवर ते डोंगरातली भाषा माझ्याहून चांगली बोलायचे. एक दिवस त्यांचे हात पुसत होते. तळवे गुळगुळीत, रेषाच नाहीत, बोटं आखडलेली. सहज विचारलं, 'तुम्ही त्या दिवशी कशाला धावलात हो?' हात माझ्या हातातून काढून घेतले. मग म्हणाले, 'पोरी, संग्रहालयाला ढोल पाठवतो असं मी वचन दिलं होतं. चार महिने तुझ्या बापाला खुणा करून मागत होतो, तो देत नव्हता. तो जाळात पडलेला बघितला आणि धावलो. मी देव वाचवत नव्हतो. मी वस्तू वाचवत होतो.'

पुतणी : आई गं.

आत्या : 'तुझ्या बापानं माझे हात कपाळाला लावले, तेव्हा त्याचा काय समज झालाय ते मला कळलं. तेव्हा सांगायला शब्द नव्हते. पुढे शब्द आले, पण धीर नव्हता.' असं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुतणी : आणि आजोबा? ते तेव्हा होते ना?

आत्या : होते म्हणजे? दाराबाहेर बाकावरच बसलेले. आठही दिवस. पाद्रीबाबांसाठी प्रार्थना करत. तो ढोल पाद्रीबाबांनी त्यांच्या देवापाशी नेऊन ठेवला, असं आबा जन्मभर समजत होते. मी बाहेर आले. आबांनी विचारलं, 'काही बोलला का?' मी म्हटलं, 'तुमची आठवण काढली.' तेवढंच. आबा पुढे पाच वर्षं जगले. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज संध्याकाळी वाटायचं, कशाला.

पुतणी : आणि बाबांना?

आत्या : तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्यानं जाऊन आबांनाच सुनावलं असतं. त्याच्या पोटात काही राहायचं नाही.

संपादक : मी… मी बोलू आता?

आत्या : बोला.

संपादक : हे फार मोठं आहे. पण बिनशब्दांचं कसं दाखवणार? आग दिसेल, हात दिसतील. मनातलं कसं दिसेल? आता तरी चार ओळी द्याव्याच लागतील.

पुतणी : नाही. एक मिनिट थांबा. कागद द्या तो. हे बघा, आधी एक शांत पान. पाद्री टेबलाशी बसलाय, पत्र लिहितोय. पत्राच्या कोपऱ्यात त्यानं ढोलाचं चित्र काढलंय, बाजूला मापाच्या रेघा. पुढे तो आजोबांसमोर हातवारे करतो, आजोबा मान हलवतात. मग साथ. आग. हात. कपाळ. आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावर लाकडी पेटी, भुसा, त्यात ढोल, आणि झाकणाला खिळे ठोकणारा पाद्रीचा पट्ट्या बांधलेला हात.

संपादक : हे वाचणाऱ्याला कळेल?

पुतणी : कळेल. आजोबांना कळणार नाही, वाचणाऱ्याला कळेल. पुस्तक या गैरसमजाचंच तर आहे.

संपादक : हं.

पुतणी : पण आत्या, ती पेटी… ती काढायची का नाही, हे तू सांग. तुझ्या वस्तीतले रविवारी तुझ्या शेजारी बसणार नाहीत.

आत्या : नाही बसले तर बाकावर ऐसपैस बसेन.

पुतणी : चेष्टा नको ना करूस. तुझी सगळी श्रद्धा…

आत्या : आबांची श्रद्धा त्या हातांवर उभी होती. माझी नाही. मी त्या माणसाच्या औषधानं वाचले, त्याच्याकडून सुई धरायला शिकले, त्याच्याच शाळेत छड्या खाल्ल्या, आणि त्याच्या तोंडून ते ऐकल्यावरही दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला गेले. माझं आणि माझ्या देवाचं काय ते आम्ही बघून घेऊ. तू पेटी काढ. आणि हातही काढ. दोन्हींतलं एक जरी गाळलंस ना, तर मी पुन्हा जिने चढून येईन.

पुतणी : चार दिवसांत होईल. झोपले नाही तरी चालेल.

संपादक : चार नाहीत, तीन. रविवारी संध्याकाळी मी इथे येणार. आणि मुखपृष्ठ? ते तर जुनं चालणार नाही.

पुतणी : कपाळाला लावलेले हात.

संपादक : रस्त्याच्या पलीकडून दिसणार नाही हो ते.

आत्या : मग लोक रस्ता ओलांडतील.

संपादक : तुमच्या घरात सगळ्या बायका अशाच का? बरं, मी छापखान्यात जाऊन सांगतो. शिव्या खातो. येतो.

पुतणी : थांबा, शर्टाला शाई लागलीय मागे.

संपादक : आता ती राहू दे. तीच काय ती माझी या पुस्तकातली भर.

आत्या : बरा आहे माणूस. गडबड्या आहे, पण बरा आहे.

पुतणी : आत्या, मला हात काढता येईनात. बघ, हे नुसते काळे दिसतात. भाजलेले वाटत नाहीत.

आत्या : कसे वाटतील? भाजलेला हात काळा होत नाही लगेच. आधी पांढरा पडतो, ओला दिसतो. आणि बोटं अशी पसरलेली नसतात. हे बघ, अशी. किंचित आत वळलेली. दुखतं म्हणून माणूस मूठही वळत नाही आणि उघडतही नाही. हात अंगापासून लांब धरतो, जणू दुसऱ्याचा आहे. काढ.

पुतणी : अशीच धर. हलू नकोस.

आत्या : तुझं होईपर्यंत धरते. आणि आबांचं तोंड रडवेलं काढू नकोस. ते रडले नव्हते. एक लेकरू पुरलं होतं, दुसरं घरात निजवलेलं, अजून पुरायचं होतं. त्या माणसाला रडायची सवड नव्हती.

पुतणी : मग तोंड कसं होतं?

आत्या : पत्ता चुकलेला माणूस कोणी दिसलं की थांबतो ना, तसं.

(पाच महिन्यांनंतर. पुस्तक बाजारात आलेलं. फोनवर.)

पुतणी : आत्या, ऐकू येतंय का? काय झालं सांग. पुस्तक नेलंस ना वस्तीवर?

आत्या : ओरडू नकोस, येतंय ऐकू. नेलं. प्रार्थना संपल्यावर हॉलमध्ये मोठ्या टेबलावर ठेवलं. हल्लीचा पाद्री तरुण आहे, तोच म्हणाला, ठेवा.

पुतणी : मग? भांडणं झाली?

आत्या : झाली ना. चर्चचा खजिनदार उठून गेला. जाताना म्हणाला, मेलेल्या माणसाच्या अंगावर चिखल उडवता. मी म्हटलं, त्या मेलेल्या माणसाला मी न्हाऊ घातलंय, तुम्ही नाही. आणि डोंगराच्या वरच्या अंगाला जी पोरं जुना धर्म पुन्हा धरतायत, तीही आली होती. त्यांना राग वेगळाच. पुजाऱ्यानं स्वतः ढोल जाळला हे दाखवायचं काही अडलं होतं का म्हणे.

पुतणी : तू काय म्हणालीस?

आत्या : म्हटलं, दोन पोरं एका आठवड्यात मेली तर तुम्ही काय कराल ते मला सांगा, मग बोलू. बाहेर पडली. त्यातला एक मागे थांबला, पानं उलटत राहिला.

पुतणी : म्हणजे कोणालाच आवडलं नाही.

आत्या : ऐक तर! उतावीळ कुठली. सगळे गेले आणि म्हाताऱ्या उरल्या. मी धरून चौघी. त्यातल्या दोघींनी उभ्या जन्मात पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, वाचता येत नाही म्हणून. एकीनं पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि सांगायला लागली, हा झरा, ही अमकीची झोपडी. दुसरी म्हणाली, झोपडी पलीकडे होती. झाली सुरुवात. पानावर पान. आणि ठिपके, आम्ही डोंगरातल्या भाषेत बोलत होतो. त्या हॉलमध्ये. कोणाच्या लक्षातच आलं नाही. अर्धा तास गेल्यावर मला कळलं, आणि मी हात मागे लपवले गं. छडीच्या सवयीनं.

पुतणी : आत्या…

आत्या : मग पुन्हा पुढे काढले. तरुण पाद्री दारात उभा. त्याला ओ का ठो कळत नव्हतं. म्हटलं, आता हा काय म्हणतोय? तर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, थांबलात का, पान उलटा.

पुतणी : मी यायला हवं होतं.

आत्या : हवंच होतं. एका जागी आम्ही अडलो. ढोल वाजवायच्या आधी आबा नुसता तळवा चामड्यावर ठेवायचे, आवाज न करता. त्याला आमच्याकडे शब्द होता. मला आठवेना, कोणालाच आठवेना. एकीला पहिलं अक्षर आठवलं, एकीला शेवट. संध्याकाळपर्यंत बसलो तेव्हा जुळला.

पुतणी : कुठला शब्द? सांग ना.

आत्या : फोनवर नाही जमायचा, जीभ टाळूला लावून धरावी लागते. शनिवारी ये. शिकवते.